केरबामामा आणि गल्लीतले स्टोव्ह

केरबामामा कुणाच्याही घरी आले की चपला दारात काढून तडक स्वयंपाकघरात शिरत. "बसा" म्हणायची सोयच नव्हती. घरात पाहुणे असोत, पूजा चाललेली असो, मामा "सरका जरा" म्हणत खाली उकिडवे बसत, स्टोव्ह पुढ्यात ओढत आणि त्याच्या टाकीला नाक लावत. मग पंप मारून बघत, चावी पिळून हवा सोडत, बर्नरखाली बोट फिरवून ते हुंगत. एवढं झालं की बाहेर येऊन भर गल्लीत उभे राहत आणि आगीच्या बंबाच्या घंटेवर मात करून करून तयार झालेल्या आवाजात ओरडत, "सरूवैनीचा स्टोव्ह तपासलाय! वायसर नवा, टाकी ठणठणीत! फुटणार न्हाय!"

मी लग्न होऊन कोल्हापुरात आले ती एक्क्याण्णव साली. माहेर साताऱ्याचं, नोकरी प्राथमिक शाळेतली. मंगळवार पेठेतल्या त्या गल्लीतली माझी पहिली सकाळ. मी चहाचं आधण ठेवत होते, तेवढ्यात खाकी पँट आणि बंडी घातलेला एक अनोळखी माणूस आत आला आणि माझ्या पायाशी बसून स्टोव्हचा वास घेऊ लागला. मी किंचाळले. सासूबाई माजघरातून म्हणाल्या, "वरडतीस काय? मामा हायत. बंबातलं."

मामांनी मान वर न करता विचारलं, "नवी व्हय? साडी पेटली तर काय करशील?"

"पळेन," मी म्हटलं.

"मेलीस! पळायचं न्हाय, लोळायचं. पळालं की वारं लागतं, वारं लागलं की जाळ वाढतो. काय करायचं?"

"लोळायचं," मी म्हटलं. त्याशिवाय ते उठले नसते. सासरी आल्यावर मला मिळालेला हा पहिला उपदेश. थोरांना वाकून नमस्कार कर, हा दुसरा.

मामा शहराच्या अग्निशमन दलात फायरमन होते. बुटके, छातीनं रुंद, आणि डाव्या भुवईच्या जागी नुसती गुळगुळीत कातडी. ती भुवई कशात गेली असं विचारलं की प्रत्येकाला निराळी आग सांगत. मला गुऱ्हाळाची सांगितली, आमच्या ह्यांना लाकडाच्या वखारीची. गल्लीच्या टोकाला एका खोलीत एकटेच राहत. सासूबाईंनी त्यांच्यासाठी स्थळं आणून बघितली, पण मामा पोरगी बघायला गेले की पोहे खाता खाता तिला साडी पेटण्याचा हाच प्रश्न विचारत. एका बापानं तर त्यांच्या हातातली बशी काढून घेतली. "मी काय वाकडं इचारलं?" मामा आम्हाला विचारत. "पोरगी सैपाकच करणार न्हवं? का उडाणटप्पू फिरणार?" शेवटी सासूबाईंनी नाद सोडला.

दर एप्रिलात खात्याचा सुरक्षा सप्ताह असे. साहेब जीपमधून येऊन भाषण करत, पत्रकं वाटत, आणि मग तालमीसमोरच्या मैदानात लोखंडी ट्रेमध्ये रॉकेल पेटवून ते विझवून दाखवत. आमच्या लोकांना ही करमणूक वाटे. पोरांना खांद्यावर घेऊन गर्दी जमायची, जाळ उठला की शिट्ट्या, विझला की टाळ्या, आणि मागून कुणीतरी हमखास ओरडायचं, "वन्स मोअर!" साहेब हसून दुसऱ्यांदा पेटवायला लावत. मामा मात्र कपाळाला हात लावून घेत. आग लागली की माणसानं मागं सरायचं असतं, हे ह्या गावाला कधी कळणार, असं त्यांचं म्हणणं. त्यात खोटं काही नव्हतं. कुठं धूर दिसला की आमची माणसं सायकली काढून तिकडंच पळत, आणि बंबाला वाट मिळत नसे.

खात्याचा सप्ताह सात दिवसांत संपे. मामांचा वर्षभर चाले. तालमीतल्या पैलवानांना त्यांनी लाल मातीत लोळायला लावलं. त्यांना त्याची सवयच होती, पण मामा म्हणत, "तसं न्हाय रं, तोंडावर हात धरून!" गणपतीच्या मांडवाला मागून दार ठेवल्याशिवाय ते कार्यकर्त्यांना आरती करू देत नसत. लग्नात जेवायची पंगत सोडून आचाऱ्याच्या भट्टीपाशी उभे राहत. आणि एका संक्रांतीला तर त्यांनी कहर केला. सासूबाईंचं हळदीकुंकू होतं. वाण म्हणून प्लास्टिकच्या वाट्या आणायचं ठरलेलं. मामांनी सासूबाईंना काय पढवलं कोण जाणे, त्या वर्षी आमच्या घरी आलेल्या प्रत्येक सवाष्णीच्या ओटीत तिळगुळाबरोबर स्टोव्हची पिन आणि नवा वायसर पडला. बायका आठवडाभर हसत होत्या. मलाही माझ्या शाळेतल्या बाईंना तोंड दाखवायची लाज वाटली. मामा मात्र दारात उभे राहून प्रत्येकीला बजावत होते, "पिन मारताना तोंड बाजूला धरायचं, वैनी. आणि जाळ चालू आसताना पिन मारायची न्हाय."

इतकी करमणूक फुकटात होत असताना कुणी त्या माणसाला मनापासून कधी काही विचारलं नाही. आम्हीही नाही.

आता सुमनबद्दल सांगायला हवं. आमच्या भिंतीला भिंत लागून आक्काताईंचं घर. त्यांचा मुलगा प्रकाश लेथवर कामाला. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमाराला त्याला चंदगडकडची मुलगी करून आणली, ती सुमन. काळीसावळी, उंच, बोलायला लाजरी. तिच्या बोलण्यातला चंदगडी हेल ऐकून आक्काताई तिची नक्कल करत. पहिले काही महिने बरे गेले. मग माहेरहून प्रकाशला मोटारसायकल मिळायची होती ती मिळाली नाही, आणि भिंतीपलीकडून आवाज यायला लागले. भांडं आदळल्याचा, मग प्रकाशचा, मग बराच वेळ कसलाच नाही. सासूबाई रेडिओ मोठा करत. मीही वह्या तपासत बसे. दुसऱ्याच्या घरातलं, आपण काय बोलणार, असं आम्ही एकमेकींना समजावत असू.

मामांची तऱ्हा ह्या घरापुरती बदलली. आमचा स्टोव्ह ते महिन्या-दोन महिन्यांनी बघत. आक्काताईंचा दर आठवड्याला बघू लागले. मग आठवड्यातून दोनदा. स्टोव्हच्या टाकीवर त्यांनी बंबाच्या रंगाचा लाल ठिपकाही काढला. आणि बाहेर येऊन घोषणा आधीपेक्षा मोठ्यानं, पार तालमीपर्यंत ऐकू जाईल अशी. "आक्काताईच्या घरातला स्टोव्ह नव्यावाणी हाय! हा स्टोव्ह फुटणार न्हाय! सगळ्यांनी ऐका, फुटणार न्हाय!"

गल्लीत थट्टा सुरू झाली. आक्काताईंच्या चहात काय पडतंय म्हणून मामा सारखे जातात, असं कुणी म्हणालं. कुणी त्याहून वाईट बोललं. एकदा आक्काताईंनी त्यांना दारातच अडवलं. "माझा स्टोव्ह हाय, तुमच्या खात्याचा न्हाय. निघा." मामा पायरीवरून खाली उतरले, गल्लीच्या मधोमध उभे राहिले आणि ओरडले, "आज आत घेतलं न्हाय! पर परवा बघितलाय! फुटणार न्हाय!" पोरं हसून लोळली. मला त्यांचा राग आला. आधीच त्या घरात धग, त्यात हे रोज जाऊन त्या बाईला डिवचतात, आणि निस्तरावं सुमनला लागतं, असं मला वाटलं. मी त्यांना तसं तोंडावर सांगितलं. मामा एवढंच म्हणाले, "बाई, तुमी शाळा बघा. मला स्टोव्ह बघू दे."

ऑगस्टातला रविवार होता. दुपारची जेवणं होऊन गल्ली सुस्तावली होती. भिंतीपलीकडं पत्र्याचा डबा पडल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ सुमनची किंकाळी. मी दारात आले तोवर ती बाहेर पायरीवर आली होती. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेली. रॉकेलचा वास एवढा की डोळ्यांना पाणी आलं. तिच्या मागं दारात आक्काताई, आणि आत, अंधारात, प्रकाश.

"वेंधळी मेली," आक्काताई आम्हाला ऐकू जाईल असं म्हणाल्या. "स्टोव्हात रॉकेल भरताना डबा उलटा केला अंगावर. आता भडका उडाला आसता तर आमचंच नाव झालं आसतं."

मामा गल्लीच्या टोकाकडून बंडीवरच पळत आले. आधी कट्ट्यावर बसलेल्या पुरुषांवर ओरडले, "बिड्या टाका! टाका म्हणतो न्हवं!" मग नळाखालची आमची बादली उचलून सुमनच्या अंगावर ओतली, पुन्हा भरली, पुन्हा ओतली. मला म्हणाले, "बाई, हिला तुमच्यात न्या. लुगडं बदला. चुलीजवळ न्यायची न्हाय." आणि आक्काताईंना बाजूला सारून आत गेले.

बाहेर आले ते स्टोव्ह घेऊन. त्यांनी तो कट्ट्यावर ठेवला. लाल ठिपका आमच्याकडं होता. त्यांनी टाकीचं झाकण फिरवून काढलं.

"सरूवैनी, हिकडं या. हात लावा."

सरूवैनींनी भीत भीत बर्नरला हात लावला. "गार हाय," त्या म्हणाल्या.

"टाकीत बघा."

"भरलीया. काठोकाठ."

"भरल्या स्टोव्हात रॉकेल कोण भरतंय?" मामा म्हणाले. आवाज चढवला नव्हता. "आता एकेकीनं या. सगळ्यांनी हात लावायचा. उद्या कुणी इचारलं तर सांगता आलं पायजे."

आणि बायका आल्या. पदर कमरेला खोचून, ओले हात पुसत, एकामागून एक. संक्रांतीला वाणात मिळालेल्या पिनेवरून हसलेल्या त्याच बायका. प्रत्येकीनं त्या गार पितळेवर हात ठेवला आणि आक्काताईंकडं बघितलं. सगळ्यांत शेवटी आमच्या सासूबाई गेल्या, आणि त्यांनी हात बराच वेळ तसाच ठेवला.

मामा दाराकडं वळून म्हणाले, "आक्काताई, मी रोज येणार. रोज वरडणार. तुमच्या घरात स्टोव्ह फुटणार न्हाय."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या वर्षांत पेपरच्या आतल्या पानावर एक बातमी ठरलेली असे. स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली. आम्ही ती वाचत असू, चुकचुकत असू आणि पान उलटत असू. हा स्टोव्ह नेमका सुनेच्याच हातात कसा फुटतो, सासूच्या हातात का फुटत नाही, आणि नणंदेनं चहा ठेवला तेव्हा कुठं जातो ह्याचा भडका, हे मी, चार बुकं शिकलेली बाई, कधी बोलून दाखवलं नव्हतं. मामा ओरडून ओरडून त्या बातमीतला पहिला शब्दच काढून घेत होते. गल्लीतल्या कुठल्याही घराला तो शब्द वापरता येऊ नये, एवढ्यासाठी त्यांनी स्वतःचं हसं करून घेतलं होतं.

पोलिसात जायला सुमन तयार झाली नाही. ती रात्रभर आमच्याकडं होती, न झोपता. सकाळी मामांनी रजा टाकली, मीही टाकली, आणि तिला घेऊन आम्ही चंदगडची एसटी धरली. तिकडं पाऊस असा की बसच्या खिडक्यांतून काहीच दिसत नव्हतं. तिचे वडील घरीच होते. वाळक्या अंगाचा, मऊ बोलणारा शेतकरी माणूस. त्यांनी आम्हाला पाय धुवायला पाणी दिलं, घोंगडी अंथरली, सगळं ऐकून घेतलं. ऐकताना ते पुन्हा पुन्हा आतल्या दाराकडं बघत होते. मुलीवर त्यांचा जीव नव्हता असं मी कधीच म्हणणार नाही.

"पावणं," ते शेवटी म्हणाले, "तुमचं लई उपकार झालं. पोर चार दिस ऱ्हाऊ दे. मग मी सोता आणून सोडतो. जावयाच्या पाया पडतो. काय चुकलं आसंल तर पदरात घ्या म्हणतो."

"सोडता?" मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "धाकटीचं ठरलंय, बाई. दिवाळीत लगीन. थोरली घरात येऊन बसली तर ती माणसं काय म्हणतील? मोडंल की ते."

आतल्या दाराआड सुमन उभी होती. तिच्या केसांना अजून रॉकेलचा वास होता, तो बाहेर बसलेल्या आम्हाला येत होता. परत पाठवतील हे तिला ठाऊकच असल्यासारखी उभी होती.

मी भांडायला तोंड उघडलं, पण मामांनी माझ्या हातावर हात ठेवला. मग ते बोलायला लागले. खाली बघत, घोंगडीचा दोरा ओढत.

"मला बी दोन भैनी. मधली इचलकरंजीत दिल्याली. एका दुपारी सांगावा आला, स्टोव्हचा भडका उडाला. मी डूटीवरनंच गेलो, खाकीत. ती दवाखान्यात पोचायच्या आधीच गेल्याली. मी तिच्या सैपाकघरात गेलो. स्टोव्ह जाग्यावर हुता, पावणं. सरळ उभा. टाकी आख्खी, पंप आख्खा. भिंतीला काळा डाग न्हाय. मी रोज जळक्या घरांत जाणारा माणूस. मला काय कळायचं ऱ्हायलं?"

सुमनचे वडील ऐकत होते.

"फौजदारानं मला इचारलं. म्हणाला, तुमी खात्यातलं, तुमीच सांगा. माझा बाप कोपऱ्यात हात जोडून उभा. धाकटीची सुपारी फुटल्याली. बोललो आसतो तर ते लगीन मोडलं आसतं. मी म्हणालो, व्हय. फुटला." मामांनी ओढता ओढता दोरा तोडला. "माझ्या खाकीवर लोकांनी इस्वास ठेवला. अपघात म्हणून कागूद झाला. पोरीला आगीत देणारी माणसं आज बी तिथं चहा पित्यात. आणि धाकटीचं लगीन झालं, चांगलं झालं, पर ती माझ्या दारात पाय ठेवत न्हाय. तिला कोण बोललं न्हाय, पर तिला कळलंय. तुमच्या धाकटीला बी कळंल. तिच्या लग्नासाटनं थोरलीला परत धाडली, हे ती जलमभर घेऊन फिरंल."

कौलांवर पाऊस वाजत होता. दाराआडून हुंदका आला, पण तो सुमनचा नव्हता. तिच्या मागं तिची धाकटी बहीण उभी होती. तिनं सुमनच्या कमरेला मिठी घातली होती. वडील उठले. सुमनची ट्रंक दारातच होती, ती त्यांनी उचलली आणि आत नेऊन ठेवली. आतून त्यांचा आवाज आला, "भात टाका गं. पावणी जेवून जातील."

धाकटीचं ते स्थळ मोडलं. खोटं कशाला सांगू? दुसरं जमायला वेळ लागला, आणि गावानं बोलायचं तेवढं बोलून घेतलं. सुमन परत आली नाही. पुढं ती तिकडंच अंगणवाडीत लागली, आणि दोन हजारनंतर कधीतरी कोल्हापुरात प्रशिक्षणाला आली तेव्हा आमच्याकडं राहून गेली. तोवर घरोघरी गॅस आला होता. मामा निवृत्त झाले होते आणि आता रेग्युलेटर हुंगत हिंडत. आक्काताई त्यांना आत घेत. घ्यावंच लागे.

पण मला सांगायचंय ते चंदगडहून परतताना झालेलं. एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. मामा खिडकीच्या धुकट काचेकडं बघत होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. पुसायचं भान नव्हतं. इतकी वर्षं ज्याला मी गल्लीतला विदूषक समजत आले, तो माणूस आता माझ्या शेजारी रडत होता. मला त्यांची भयंकर दया आली, आणि दया दाखवायची भीतीही वाटली. शेवटी मी विचारलं, "बहिणीचं नाव काय होतं, मामा?"

ते दचकले. हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा.

"मंगल," ते म्हणाले. मग आपणच आपल्याशी बोलल्यासारखं, "लई हुशार. स्टोव्ह पेटवायला तिला मीच शिकिवलेलं, आठ-नऊ वर्साची आसंल तवा. बाई, तिच्या हातनं कधी एकदा बी भडका उडाला न्हाय."